दुसऱ्या खुर्चीवरून: क्लॅरिनेट शिकणाऱ्या विद्यार्थिनीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगीत महाविद्यालयात क्लॅरिनेट हा मुख्य विषय घेऊन शिकण्याचं माझं हे शेवटचं वर्ष. खालचे प्रश्न ज्युनिअर्स विचारतात, नातेवाईक विचारतात, कधी कधी व्हायोलिनवाले मुद्दाम चिडवायला विचारतात. चिडवणारेही ठेवले आहेत, कारण त्यांचीही उत्तरं आहेत. सगळ्या उत्तरांची लांबी सारखी नाही. ज्याने माझी झोप उडवली त्यावर जास्त लिहिलंय.

हे सनईसारखंच असतं ना?

लांब नळी आणि खाली फुललेलं तोंड, साम्य एवढंच. सनईची नळी वरून खाली रुंद होत जाते आणि तिला जोडपत्ती असते. क्लॅरिनेटची नळी बऱ्याच लांबीपर्यंत एकाच रुंदीची असते आणि रीड (फुंकल्यावर थरथरणारी पत्ती) एकच, माउथपीसच्या (तोंडात धरायच्या भागाच्या) खालच्या बाजूला बांधलेली. नळीच्या आकारातला हा फरक किरकोळ वाटतो, पण माझी निम्मी डोकेदुखी त्यातूनच आलेली आहे. पुढे ‘ब्रेक’च्या प्रश्नात ते येईलच.

क्लॅरिनेटच का घेतलं?

शाळेच्या वाद्यवृंदात मला फ्लूट हवा होता. फ्लूटला रांग होती, क्लॅरिनेटची जागा रिकामी होती. इतकंच. प्रेम वगैरे नंतर जडलं, तेही खालच्या सुरांमुळे. तळाचा ‘ई’ (पाश्चात्य सुरांची नावं ए ते जी अशी असतात) पहिल्यांदा नीट वाजला तेव्हा आवाज कानाआधी बोटांना आणि दातांना जाणवला. फ्लूट आणि क्लॅरिनेट लांबीला जवळपास सारखेच, पण क्लॅरिनेट जवळजवळ एक सप्तक खाली उतरतं. फ्लूटच्या रांगेतल्या मैत्रिणींना मी हे अजूनही ऐकवते.

प्रवेशाच्या ऑडिशनला काय वाजवलं?

वेबर या जर्मन संगीतकाराचं कॉन्चेर्टिनो, म्हणजे एका वाद्यासाठी वाद्यवृंदासह लिहिलेली छोटी रचना. १८११ मध्ये वेबरने हाइनरिख बेअरमान या वादकासाठी ही रचना केली आणि त्याच वर्षी त्याच्यासाठी दोन मोठे कॉन्चेर्टोही लिहिले. ऑडिशनला ही रचना बरेच जण आणतात, कारण दहाएक मिनिटांत संथ गाणं, वेगवान बोटं आणि वरच्या सुरांचे उड्डाण असं सगळं दाखवता येतं. सोबत सगळ्या मेजर-मायनर स्केल्स आणि समोर ठेवलेला अनोळखी कागद बघताक्षणी वाजवणं.

मी जलद भाग जोरदार वाजवला. परीक्षकांनी अर्ध्यावर थांबवलं आणि म्हणाले, ‘आता एकच सूर वाजवा. अगदी हळू आवाजात सुरू करा, वाढवा आणि पुन्हा हळू करत संपवा.’ सूर सुरू व्हायच्या आधी हवेचा फुस्स आवाज आला, मध्ये सूर डगमगला आणि शेवटी दिवा फटकन विझावा तसा तुटला. प्रवेश मिळाला, पण वाद्यवृंदाच्या यादीत माझं नाव ‘सेकंड क्लॅरिनेट’पुढे, म्हणजे दुसऱ्या खुर्चीवर, होतं. त्या रात्री रडले. त्या खुर्चीबद्दल पुढे बरंच सांगायचंय.

तुमच्या पेटीत दोन क्लॅरिनेट कशाला?

एक बी-फ्लॅटचं, एक ए-चं (फ्लॅट म्हणजे अर्ध्या सुराने खाली, शार्प म्हणजे अर्ध्या सुराने वर). दोन्हींवर बोटं तीच, पण ए-चं थोडं लांब आणि अर्ध्या सुराने खाली. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर कागदावरचा ‘सी’ वाजवला की पियानोवरचा बी-फ्लॅट ऐकू येतो, ए-क्लॅरिनेटवर तोच ‘सी’ ‘ए’ होऊन बाहेर पडतो. म्हणून वाद्यवृंद ओबोच्या (जोडपत्तीच्या एका फुंकवाद्याच्या) ‘ए’वर सूर जुळवतो तेव्हा आम्ही एकावर ‘बी’ वाजवतो आणि दुसऱ्यावर ‘सी’. पहिल्या वर्षी हे डोक्यात बसेपर्यंत मी हमखास चुकीचा सूर लावायचे आणि ओबोवाली शांतपणे माझ्याकडे वळून बघायची.

कारण जुनं आहे. वाद्याला चाव्या कमी होत्या तेव्हा खूप शार्प किंवा खूप फ्लॅट असलेल्या पट्ट्यांत वाजवणं जवळपास अशक्य होतं, म्हणून वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी वेगवेगळी वाद्यं असायची. आता चाव्या भरपूर आहेत, पण संगीत त्या वाद्यांसाठी लिहून झालेलं आहे, आणि ए-क्लॅरिनेटचा आवाज थोडा गडद असतो म्हणून तो हवाही असतो. मोत्सार्टचा १७९१ चा कॉन्चेर्टो ए-चा आहे. खरं तर तो त्याने आन्टोन श्टाडलर या मित्राच्या लांबवलेल्या बॅसेट क्लॅरिनेटसाठी लिहिला होता, जे नेहमीच्या वाद्यापेक्षा चार अर्धसूर आणखी खाली जायचं. मूळ हस्तलिखित हरवलं, आणि छापील प्रतीत खालचे सूर उचलून वर नेलेले आहेत. त्या जागी चाल अचानक वर उडी मारते. माहीत नसताना विचित्र वाटायचं, माहीत झाल्यावर जिन्याची पायरी निखळलेली दिसावी तसं दिसतं.

व्यवहारातली अडचण वेगळीच. एक वाद्य वाजत असताना दुसरं स्टँडवर गार पडतं. गार वाद्याचा सूर खाली उतरतो, कारण आतल्या थंड हवेत ध्वनी हळू जातो. त्यामुळे बदलायच्या आधी विरामांत बसून त्यात आवाज न करता गरम हवा फुंकायची, मग रीडसकट माउथपीस पहिल्यावरून काढून दुसऱ्यावर चढवायचा, तोही मोजलेल्या मात्रांत. प्रेक्षकांना वाटतं आम्ही उगाच चुळबुळ करतो.

‘ब्रेक’ म्हणजे काय, आणि सगळे त्याला एवढे का घाबरतात?

बहुतेक सुषिर वाद्यांत तीच बोटं ठेवून सूर वर उडवला तर तो एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि रीडच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे त्यात मुख्यतः विषम स्वरांश (मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे उपसूर) जोर धरतात. डाव्या अंगठ्यामागची रजिस्टर चावी दाबली की सूर सप्तक ओलांडून, मूळ सूर धरून मोजलं तर, बाराव्या सुरावर जातो: खालचा ‘ई’ वरचा ‘बी’ होतो. म्हणजे खालची बोटं शिकून वरचं आपोआप येत नाही. दोन मजले आहेत आणि दोन्हींवरचे पत्ते निराळे.

या दोन मजल्यांच्या मध्ये थोडे सूर उरतात: जी, जी-शार्प, ए, बी-फ्लॅट. त्यांना घशाचे सूर म्हणतात. जवळपास सगळी भोकं उघडी, नळीचा अगदी थोडा भाग वाजतोय, म्हणून आवाज पातळ आणि थोडा चढा. आणि तिथून एकच पायरी वर गेलं की ‘बी’साठी आठ बोटं एकदम बंद करायची. ‘ए’ला एक बोट, ‘बी’ला आठ. हाच ब्रेक.

पहिली दोन वर्षं मी बोटं अधिकाधिक वेगाने आपटत राहिले. उपाय उलटा निघाला. घशाचे सूर वाजत असतानाच उजव्या हाताची बोटं आधीच खाली ठेवून द्यायची. त्याने सुराला फारसा धक्का बसत नाही, उलट आवाज थोडा भरतो, आणि ‘बी’ येतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. आणि हवा अजिबात थांबवायची नाही. बोटं बदलताना नकळत श्वास अडवण्याची सवय जवळपास प्रत्येकाला असते. माझ्या शिक्षिका एकदा म्हणाल्या, ‘ब्रेक वाद्यात नाही, तुझ्या पोटात आहे.’ राग आला, पण बरोबर होतं.

रोज किती तास रियाज?

हल्ली साडेतीन, क्वचित चार, तेही तुकड्यांत. दुसऱ्या वर्षी मी सहा तासांवर गेले होते. महिनाभरात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ लागली की पेन धरवेना. वाद्याचं जवळपास सगळं वजन, साधारण पाऊण किलो, त्या एका अंगठ्यावर असतं. तीन आठवडे वाद्य बंद. त्या काळात मी नुसती स्वरलिपी वाचत बसायचे, बोटं मांडीवर हलवत, आणि परत आले तेव्हा दोन अवघड जागा आपोआप सुटलेल्या होत्या. याचा अर्थ वाजवू नका असा घेऊ नका, माझ्या एका ज्युनिअरने घेतला होता.

दिवसाची सुरुवात लांब सुरांनी. एक सूर, मेट्रोनोम ६० वर, आठ मात्रा वाढवत, आठ मात्रा उतरवत. बघणाऱ्याला याच्याइतकं कंटाळवाणं काही नाही. मग स्केल्स, बांधून आणि जिभेने तोडून. मग अभ्यासाचे तुकडे, आणि सर्वात शेवटी खरं संगीत. अवघड जागा निम्म्या वेगाने, मग ठोका थोडाथोडा वाढवत. घाई झाली की बोटं चूकच पाठ करतात, आणि पाठ झालेली चूक विसरायला दुप्पट दिवस लागतात.

अंगठ्याचं काय केलं मग?

गळ्यात पट्टा घालते, वजन बरंच मानेवर आणि खांद्यांवर जातं. अंगठ्याचा आधार थोडा वर सरकवून घेतला. दर पंचवीस मिनिटांनी वाद्य खाली. दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ‘सहन कर, सवय होईल’ म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकू नका.

रीडबद्दल एवढं का बोलता तुम्ही लोक?

कारण आमचा दिवस कसा जाणार ते ती ठरवते. रीड म्हणजे बांबूसारख्या दिसणाऱ्या एका उंच गवताचा, आरुंडो डोनॅक्सचा, पातळ तासलेला काप. टोकाला तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. एवढ्याशा टोकाच्या थरथरण्यावर सगळा आवाज उभा आहे. हवा कोरडी झाली, पाऊस आला, वातानुकूलन सुरू झालं, तिचं वागणं बदललं.

पेटीवरचा नंबर, अडीच, तीन, साडेतीन, हा जाडीचा नसून कडकपणाचा असतो. एकाच मापाने कापलेल्या रीड लवचिकता तपासून वेगळ्या केलेल्या असतात. पहिल्या वर्षी आमच्यात जास्त नंबरची रीड वाजवणारा मोठा, अशी समजूत होती. मी चार नंबर वाजवायचे आणि ओठाच्या आत दातांचे वळ उठायचे. कोणती रीड चालेल हे तुमच्या माउथपीसचं तोंड किती उघडं आहे त्यावरही ठरतं. आता तीनवर आहे आणि हळू सूर कुठे लावायचा ते हातात आहे.

नव्या पेटीतल्या दहापैकी लगेच चांगल्या वाजणाऱ्या दोन-तीन, कामचलाऊ चार-पाच, बाकीच्या हट्टी. हा माझा अनुभव, नियम नव्हे. नवी रीड पहिल्या दिवशी पाण्यात थोडी भिजवायची आणि पाचच मिनिटं मधल्या पट्टीत, मध्यम जोराने वाजवायची. दुसऱ्या दिवशी दहा. चार-पाच दिवसांत ती स्थिरावते. चार रीड आळीपाळीने वापरायच्या, मागे पेन्सिलने तारीख लिहायची, सपाट डबीत ठेवायच्या, म्हणजे टोक वाकडं होत नाही. मी एक वही ठेवते: ‘क्रमांक ३, वर चिवट, खाली छान, सकाळी बरी.’ रूममेटला वाटलं मी माणसांबद्दल लिहिते.

एकाच रीडवर जीव जडवू नका. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी माझी एक रीड इतकी सुंदर वाजत होती की मी तिला परीक्षेसाठी ‘जपून’ ठेवलं. दोन आठवडे हात लावला नाही. परीक्षेच्या सकाळी काढली तर टोकाला लाट आली होती. मग वहीतल्या ‘कामचलाऊ’वर वाजवावं लागलं.

कृत्रिम रीडही मिळतात. भिजवाव्या लागत नाहीत, हवामानाला दबत नाहीत. मी सरावाला आणि उघड्यावरच्या कार्यक्रमांना वापरते. हळू सुरात मला अजून नैसर्गिकच लागते.

मध्येच ‘चीं’ आवाज का येतो?

बहुतेक वेळा एखादं भोक बोटाने पूर्ण झाकलेलं नसतं. केसभर फट पुरते. त्याखेरीज जबड्याने रीड आवळणं, रीड कोरडी किंवा टोकाला चिरलेली असणं, किंवा तळहात नकळत बाजूच्या चावीला लागणं. वाद्य बिचारं क्वचितच दोषी असतं, आणि आम्ही सगळे चीं झाली की आधी वाद्याकडेच संशयाने बघतो.

चीं चारचौघांत झाली तर? काहीच करायचं नाही. चेहरा सरळ, हवा चालू. माझी सर्वात मोठी चीं शांत भागात, पियानो थांबलेला असताना झाली. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तर ती पाव सेकंदाची होती. मात्र तिच्यानंतरच्या आठ ओळी मी भेदरून वाजवल्या होत्या, आणि ते पाव सेकंदापेक्षा खूप वाईट ऐकू येत होतं.

सेकंड क्लॅरिनेट म्हणजे दुय्यम ना? वाईट वाटत नाही?

वाटलं, जवळपास वर्षभर. पहिल्या खुर्चीवर माझ्याच वर्गातली मैत्रीण होती. सोलो तिचे, माझ्या कागदावर लांब सूर आणि विराम. विराम मोजता मोजता कंटाळा यायचा. मग मोत्सार्टची ३९ वी सिंफनी आली. १७८८ च्या या रचनेत त्याने ओबो ठेवलेच नाहीत, त्यामुळे क्लॅरिनेटना मोकळं रान. तिसऱ्या भागाच्या मधल्या ट्रिओत पहिलं क्लॅरिनेट एक साधी नाचरी धून गातं आणि दुसरं त्याच्याखाली, अगदी तळाच्या सुरांत, तुटक स्वरसमूह फिरवत राहतं. ऐकणाऱ्याचं लक्ष धुनेकडे. पण खालचं चाक जरासं अडखळलं की धून पांगळी होते.

तालमीत मी माझे सूर ‘नीट’ वाजवत होते, म्हणजे स्वतःपुरते. मैत्रीण वैतागून म्हणाली, ‘तू मला जागाच देत नाहीस.’ मला काही कळेना. आम्ही दोघीच एका खोलीत बसलो आणि तिने मला तिची धून वाजवायला लावली, ती माझा भाग वाजवायला बसली. दोन मिनिटांत समजलं. खालचा माणूस जरा मोठा झाला की वरच्याला जोर लावावा लागतो. खालचा पुढे पळाला की वरच्याला श्वास घ्यायला फटच उरत नाही. ती श्वास कुठे घेते हे मला माहीतच नव्हतं. वर्षभर शेजारी बसून!

त्या दिवसापासून मी तिचा श्वास ऐकायला लागले. शब्दशः. नाकातून हवा आत जाताना होणारा बारीक आवाज हाच माझा इशारा. कंडक्टरच्या काठीपेक्षा तो जास्त भरवशाचा निघाला.

मग सुराची बाजू. क्लॅरिनेट जोरात वाजवलं की थोडं खाली उतरतं आणि हळू केलं की चढतं. फ्लूटचं बरोबर उलटं. म्हणजे वाद्यवृंद हळूहळू विरत जातो तेव्हा फ्लूट खाली घसरतोय आणि आम्ही वर सरकतोय, आणि मधल्या फटीत सगळं बेसूर. हे माहीत असलेला दुसरा वादक ओठ किंचित सैल करतो, घशाच्या सुराला खालची दोन बोटं जोडतो, आणि वरच्याला काही कळायच्या आत सूर जुळलेला असतो. स्वरसमूहात मेजर थर्ड (मूळ सुरापासून मोजलेला तिसरा सूर, सा-ग सारखा) तुमच्याकडे असेल तर तो पियानोवरच्या त्याच सुरापेक्षा साधारण १४ सेंट खाली ठेवला की सगळा समूह एकदम थांबल्यासारखा शांत होतो. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट, म्हणजे हा फरक त्याचा सातवा हिस्सा. वाजवताना मोजता येत नाही. समूहातली थरथर नाहीशी होते, तेवढं कानाला कळतं.

चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात आमच्या दोघींची. दोन ए-क्लॅरिनेट, तळाच्या सुरांत, एकच चाल, एकत्र. तिथे पहिलं-दुसरं असा भेदच राहत नाही. दोघींनी मिळून एकच वाद्य वाजतंय असं ऐकू आलं पाहिजे. आम्ही त्यावर किती संध्याकाळी घालवल्या ते मोजलं नाही. कार्यक्रमानंतर कोणीतरी विचारलं, ‘ती सुरुवात एकट्याने वाजवली का?’ आम्हा दोघींना एवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नसेल.

शेवटच्या वर्षी मला पहिली खुर्ची विचारली गेली. मी अर्धं वर्ष तिथे बसले आणि अर्धं परत दुसऱ्यावर. ऑडिशनमध्ये जमला नव्हता तो हळू सुरू होऊन हळू संपणारा सूर मला सोलोच्या तासात आलाच नाही. दुसऱ्या खुर्चीवर कोणाच्या तरी खाली सरकून शिरताना आला.

शेवटच्या वर्षाच्या रिसायटलला (एकल कार्यक्रमाला) काय वाजवलं?

आधी स्ट्राविन्स्कीचे १९१८ चे तीन तुकडे, एकट्या क्लॅरिनेटसाठी. पहिले दोन ए-वर, तिसरा बी-फ्लॅटवर. दुसऱ्या तुकड्यात मात्रांच्या उभ्या रेघाच नाहीत. मोजायची सवय लागलेल्या माणसाला ते मोकळ्या माळावर सोडल्यासारखं वाटतं.

मग ब्राम्सचा एफ-मायनर सोनाटा, क्लॅरिनेट आणि पियानोसाठी. १८९० मध्ये ब्राम्सने नवं लिहिणं आटोपतं घ्यायचं ठरवलं होतं. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मायनिंगेनच्या वाद्यवृंदातल्या रिचर्ड म्यूलफेल्डचं क्लॅरिनेट ऐकून तो पुन्हा लिहायला बसला: त्याच वर्षी ट्रिओ आणि क्विंटेट, १८९४ मध्ये दोन सोनाटा. एका वादकाच्या सुरामुळे आमच्या वाट्याला एवढं संगीत आलं. पियानोबरोबर तालीम सुरू झाली आणि माझी दुसऱ्या खुर्चीची हुशारी अंगाशी आली. मी सवयीने थर्ड खाली ठेवायचे आणि पियानो जागचा हलायचा नाही. पियानोवादकाने तीन वेळा सहन केलं, चौथ्यांदा तोच सूर बोटाने टकटक वाजवून दाखवला. पियानो असला की कान पियानोचा.

शेवटी देब्युसीची पहिली राप्सोदी. १९१० च्या पॅरिस कॉन्झर्व्हेटॉयरच्या (तिथल्या संगीत महाविद्यालयाच्या) परीक्षेसाठी लिहिलेली, म्हणजे विद्यार्थ्यांना छळायलाच. सुरुवातीचे सूर जवळजवळ ऐकू न येणारे हवेत. माझे यायला थोडा उशीर झाला, पण आले.

स्टेजवर जाताना भीती वाटत नाही?

तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात रीडही कोरडी पडते, म्हणून आमची भीती लगेच ऐकू येते. पाण्याची बाटली, विंगेत रीड तोंडात, आणि पहिल्या सुराआधी एक पूर्ण, न घाईचा श्वास. बाकी उपाय मला लागू पडले नाहीत. ‘प्रेक्षक नाहीतच असं समज’ हा सल्ला देणाऱ्यांनी समोरच्या रांगेतली खोकला दाबणारी माणसं पाहिलेली नसतात.

लाकडी घ्यावं की प्लास्टिकचं?

सुरुवातीला प्लास्टिकचं बिनधास्त. ऊन-पाऊस, धक्के सगळं सोसतं. लाकडी वाद्य बहुतेकदा आफ्रिकन ब्लॅकवुडचं, जड आणि घट्ट. नवं असताना त्याला रोज थोडाच वेळ वाजवून सवय लावावी लागते, नाहीतर आतून ओलं, बाहेरून कोरडं अशा ओढाताणीत लाकूड तडकू शकतं. गार खोलीतून आल्या आल्या जोरात वाजवायला घेऊ नका. आधी काखेत धरून ऊब द्या.

जॅझ वाजवता का?

वाईट वाजवते, पण आवडीने. गर्श्विनच्या १९२४ च्या ‘राप्सोडी इन ब्लू’च्या सुरुवातीची ती लांबलचक मींड शिकायला एक सुट्टी गेली. बोटं भोकांवरून हळूहळू सरकवायची आणि सोबत घसा-जीभ वाकवायची. शेजारच्या खोलीतून दारावर थापा आल्या.

पुढे नोकरी मिळते का?

वाद्यवृंदात क्लॅरिनेटच्या जागा मोजक्या, दोन-तीन किंवा चार, आणि वादक वर्षानुवर्षं तिथेच असतात. एक जागा निघाली की अर्जांचा ढीग. बऱ्याच ठिकाणी पडद्यामागून वाजवावं लागतं, म्हणजे नाव-चेहरा कळत नाही. मला हे न्याय्य वाटतं, आणि भयंकरही. बरेच जण शिकवतात, वाद्यं दुरुस्त करतात, चेंबर गटांत (मोजक्या वादकांच्या छोट्या गटांत) वाजवतात. मी पुढच्या वर्षी शिकवणार आहे आणि ऑडिशनही देत राहणार आहे. सेकंडची जागा निघाली तर पहिला अर्ज माझा.

कार्यक्रम संपल्यावर सगळ्यात आधी काय करता?

वाद्य पुसतो. बाकीचे फोटो काढत असतात तेव्हा आम्ही खुर्चीवरच बसून रीड काढतो, कोरडी करून डबीत ठेवतो, आणि दोरीला बांधलेलं फडकं नळीतून ओढून घेतो. पाणी आत राहिलं तर चाव्यांखालच्या गाद्या फुगतात आणि लाकडालाही ते चांगलं नाही. चायकोव्हस्कीच्या रात्री मी फडकं खोलीवरच विसरले होते. मैत्रिणीने तिचं वाद्य पुसून झाल्यावर फडकं न घडी करताच माझ्या मांडीवर टाकलं. ते ओलं होतं, तरी चाललं.